युद्ध आणि निर्वासित मुलें : वळिवडे येथील छावणीचा धडा

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणारी आगगाडी शहर मागें टाकते न टाकते तोंच वळिवडे हें लहानसें स्टेशन लागतें. शेजारींच गांधीनगर नांवाची मोठी वस्ती असून तेथील घाऊक कापडाच्या बाजारांत दूरदूरचे व्यापारी येतात. लग्नसराईंत आपल्यापैकीं कित्येकांच्या घरचीं वडीलधारीं माणसेंही तेथें कापड घेण्यास गेलीं असतील. परंतु या वस्तीच्या जागीं १९४३ ते १९४८ या काळांत युरोपखंडांतील पोलंड देशाचीं सुमारें पांच हजार माणसें राहत होतीं, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेंच होतीं, ही गोष्ट किती जणांस ठाऊक आहे?

इतिहास शिकतांना आपण लढायांच्या तारखा पाठ करतों, सेनापतींचीं नांवें घोकतों आणि तहाचीं कलमें लिहून काढतों. त्या लढायांनीं ज्यांचें घर उठविलें त्या मुलांचें पुढें काय झालें, हा प्रश्न परीक्षेंत सहसा येत नाहीं. म्हणून या लेखांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें योजिलें आहे. युद्धामुळें मुलाचें नेमकें काय हरवतें, आणि हरवलेलें कशानें परत मिळतें, हें वळिवड्याच्या पाहुण्यांच्या वृत्तांतावरून आपण पाहूं.

प्रथम 'निर्वासित' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. निवास, प्रवास आणि निर्वासित हे तिन्ही शब्द राहणें या अर्थाच्या एकाच 'वस्' धातूपासून झाले आहेत. प्रवासी घर सोडतो तो परत येण्याच्या भरंवशावर. त्याच्या खिशांत घराची किल्ली असते. निर्वासिताचें घर मात्र त्याच्यापासून हिरावून घेतलेलें असतें. तो कोठें जात आहे हें त्यास ठाऊक नसतें, आणि परत येईल कीं नाहीं हेंही ठाऊक नसतें. मोठ्या माणसाला निदान हें सर्व कां घडत आहे याची थोडीफार कल्पना असते. लहान मुलास तीही नसते. त्याला इतकेंच कळतें कीं, काल जें होतें तें आज नाहीं.

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली आणि १७ सप्टेंबर रोजीं सोव्हिएट रशियाचें सैन्य पूर्वेकडून त्या देशांत शिरलें. दोघां बलाढ्य शेजाऱ्यांनीं पोलंड वांटून घेतला. पूर्वेचा भाग रशियाच्या ताब्यांत गेला, आणि तेथील शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, अंमलदार व सैनिक यांच्या कुटुंबांना मुळासकट उपटून दूर पाठविण्याचे हुकूम सुटले. १० फेब्रुवारी १९४० रोजीं, ऐन हिंवाळ्यांत, पहिली धरपकड झाली. त्याच वर्षीं एप्रिल व जून महिन्यांत आणि पुन्हां जून १९४१ मध्यें, अशा एकूण चार वेळां मिळून लाखों माणसें हद्दपार झालीं. अपरात्रीं दारावर थाप पडे. हातीं लागेल तें गाठोड्यांत बांधण्यास थोडकासा अवधि मिळे. आणि मग मालगाडीच्या डब्यांत कोंडून आठवडेच्या आठवडे प्रवास चाले. कोणास सैबेरियाच्या अरण्यांत, कोणास उत्तरेकडील आर्खांगेल्स्क प्रांतांत लांकडें तोडण्यासाठीं नेलें. कोणास कझाकस्तानच्या माळरानावर शेतांत राबविलें.

कुटुंब म्हणजे एका छपराखालीं राहणारीं माणसें एवढेंच नव्हे. कुटुंबांत कामाची व मायेची एक वांटणी असते. कमावणारा कोण, रांधणारें कोण, रागें भरणारें कोण आणि रडतांना जवळ घेणारें कोण, हें मुलाला न सांगतां कळतें. युद्धानें पहिला घाव घातला तो या वांटणीवर. पुष्कळ घरचे बाप आधींच कैदेंत पडले होते. १९४० सालच्या वसंत ऋतूंत कॅटिन व इतर ठिकाणीं सुमारें २२,००० पोलिश अधिकारी व इतर बंदिवान गोळ्या घालून ठार करण्यांत आले. एप्रिलमध्यें जीं माणसें हद्दपार झालीं त्यांत अशा बंदिवानांचीं बायकामुलें फार होतीं. बाप मेला कीं जिवंत आहे हें त्या मुलांना कळण्यास मार्ग नव्हता. आणि हें कृत्य आपल्या राज्यानें केलें अशी कबुली सोव्हिएट सरकारनें दिली ती १९९० सालीं, म्हणजे पुरतीं पन्नास वर्षें उलटल्यावर. मेलेल्यासाठीं रडतां तरी येतें. ज्याचें काय झालें हें ठाऊक नाहीं त्याची वाट पाहत राहावें लागतें. अशी वाट पाहण्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांची संख्या कोणत्याही युद्धाच्या हिशेबांत मांडली जात नाहीं.

आई सक्तीच्या कामावर जाई, कारण काम करील त्यालाच पावाचा तुकडा मिळे. मग थोरलें भावंड हेंच धाकट्यांची आई होई. दहाबारा वर्षांच्या मुलीनें पावाच्या रांगेंत उभें राहावें, सरपण गोळा करावें आणि आजाऱ्याच्या उशाशीं बसावें, असा क्रम सुरू झाला. विस्थापनाचा हा दुसरा परिणाम आहे. मूल अकालीं प्रौढ होतें. लोक त्याचें कौतुक करतात. पण जें वय खेळण्याचें होतें तें निघून गेलेलें असतें.

२२ जून १९४१ रोजीं जर्मनीनें रशियावरच हल्ला केला तेव्हां फांसे पालटले. ३० जुलै रोजीं लंडन येथील पोलिश सरकार व रशिया यांच्यांत करार झाला आणि हद्दपारांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. जनरल आंडर्स हे रशियाच्या भूमीवरच पोलिश सैन्य उभारूं लागले. ही वार्ता ऐकून छावण्याछावण्यांतून उपाशी कुटुंबें दक्षिणेकडे निघालीं. वाटेंत तापानें व भुकेनें असंख्य माणसें दगावलीं. शेवटीं १९४२ सालीं मार्च-एप्रिलमध्यें आणि ऑगस्टमध्यें, अशा दोन खेपांत, एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक रशियाबाहेर पडले. त्यांतील बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरांत उतरले. त्यांत हजारों मुलें होतीं.

याच वेळची एक गोष्ट वाचतांना मन थांबतें. रशियांत पोलिश लोकांनीं जागोजागीं अनाथालयें उघडलीं होतीं, आणि अनाथ मुलांना बाहेर काढण्याची खटपट चालली होती. कित्येक मातांनीं आपलीं पोटचीं मुलें स्वतः नेऊन या अनाथालयांच्या स्वाधीन केलीं. आपण मागें राहिलों तरी मूल वांचेल, एवढाच त्यांचा विचार होता. अनाथ म्हणून ज्यांची नोंद झाली त्या सर्वांच्या आया मेलेल्या नव्हत्या. मूल जगावें म्हणून त्याचा हात सोडणें, हें आईचें सर्वांत कठीण कर्तव्य या मातांच्या वांट्यास आलें. मुलाला मात्र त्या वेळीं एवढेंच दिसलें असेल कीं, आई आपल्याला ठेवून गेली.

इराणच्या किनाऱ्यावर या मुलांचे केंस काढले गेले, उवांनीं भरलेले कपडे जाळले गेले, आणि त्यांना पोटभर अन्न मिळालें. दीर्घ उपवासानंतर एकदम जड अन्न खाल्ल्यामुळेंही कित्येकांचे प्राण गेले, इतकीं त्यांचीं शरीरें खंगलीं होतीं. जीं मुलें सांवरलीं त्यांच्या बाबतींत त्यांना सांभाळणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. जेवणांत पाव मिळत असूनही मुलें त्याचे तुकडे चोरून नेत आणि उशीखालीं किंवा गादीखालीं लपवून ठेवीत. उद्यां पुन्हां पाव मिळेल असें सांगून कांहीं उपयोग होत नसे. यावरून आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागतें. या मुलांची भूक भागली होती, परंतु उद्यांवरचा त्यांचा विश्वास परत आलेला नव्हता. घर, अन्न व वस्त्र हीं तर युद्ध हिरावतेंच. परंतु मुलाचें सर्वांत मोठें नुकसान होतें तें हा विश्वास गेल्यामुळें.

आतां तो परत कसा येतो तें पाहूं. हिंदुस्थानांत या मुलांची पहिली तुकडी १९४२ सालीं खुष्कीच्या मार्गानें, मशहद व क्वेट्ट्यावरून, मोटारगाड्यांतून आली. मुंबईजवळ वांद्रे येथें कांहीं काळ राहून तीं मुलें काठेवाडांत नवानगर संस्थानांतील बालाचडी येथें गेलीं. तेथें समुद्राकांठीं जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं त्यांच्यासाठीं छावणी बांधविली होती. क्रिकेटपटु रणजितसिंहजी यांचे हे पुतणे व वारस. तुम्ही आतां पोरकीं नाहीं, मी तुमचा बापू आहें, अशा आशयाचे शब्द बोलून त्यांनीं मुलांचें स्वागत केलें असें सांगतात. तीं मुलें पुढें जन्मभर त्यांना बापूच म्हणत राहिलीं.

त्याच छावणींतील एक आठवण त्या मुलांपैकीं कांहींनीं म्हातारपणीं सांगितली आहे. एकदां जेवणांत वारंवार पालकाची भाजी येऊं लागली. मुलांना ती मुळींच आवडेना. तेव्हां सर्वांनीं संगनमत करून ती खाण्याचें साफ नाकारलें. ही बातमी जामसाहेबांच्या कानीं गेली. त्यांनीं मुलांना शिक्षा केली नाहीं. उलट, यापुढें ती भाजी करूं नये असें आचाऱ्यास सांगितलें. आमच्या वाचकांस यांत हट्टी मुलांचे लाड दिसतील. परंतु जरा विचार करावा. उशीखालीं पावाचा तुकडा लपविणारें मूल ताटांतली भाजी कधींच नाकारणार नाहीं. जें मूल 'मला हें नको' असें म्हणूं शकतें, त्याला उद्यां जेवण मिळण्याची खात्री पटलेली असते. तो हट्ट म्हणजे मूल पुन्हां मूल होऊं लागल्याची खूण होती, आणि जामसाहेबांनीं ती ओळखली.

वळिवड्याची छावणी याहून पुष्कळ मोठी. १९४३ च्या मध्यापासून तेथें कुटुंबें येऊं लागलीं. लांबच लांब चाळींतून प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र जागा आणि स्वतःची चूल मिळाली. मोठ्या छावणींत सर्वांसाठीं एकच भटारखाना ठेवणें व्यवस्थेला सोपें असतें. परंतु तेथें आईच्या हातीं कांहीं काम उरत नाहीं. वळिवड्यास आया बाजारांतून भाजीपाला आणीत आणि आपल्या मुलांसाठीं आपल्या पद्धतीनें रांधीत. साधी चूल खरी, पण तिच्याभोंवतीं मोडलेल्या कुटुंबाची वांटणी पुन्हां बसूं लागली. ज्या मुलीनें तीन वर्षें धाकट्यांची आई होऊन काढलीं होतीं, तिला पुन्हां मुलगी होतां आलें.

दुसरी गोष्ट शाळेची. छावणींत प्राथमिक शाळा होत्या, हायस्कूल होतें, प्रार्थनामंदिर होतें, इस्पितळ होतें, नाटकासाठीं रंगमंच होता आणि बालवीरांचीं व वीरबालांचीं पथकें होतीं. कित्येक मुलांचीं शिक्षणाचीं तीन तीन वर्षें बुडालीं होतीं, आणि दहा वर्षांच्या मुलास मातृभाषेंत धड लिहितां येत नव्हतें अशींही उदाहरणें होतीं. तरीही शाळा सुरू झाल्या. शाळेची घंटा ठरल्या वेळीं वाजते ही गोष्ट आपल्याला क्षुल्लक वाटते. किंबहुना कित्येकांना ती नकोशीच वाटते. पण ज्या मुलाच्या आयुष्यांत उद्यां काय होईल याचा नेम राहिला नाहीं, त्याच्यासाठीं ती घंटा म्हणजे एक वचन असतें. आज सोमवारीं भूगोल आहे, आणि पुढच्या सोमवारींही भूगोल असेल. असें वचन रोज पाळलें जाऊं लागलें म्हणजे मूल हळूहळू पाव लपविणें सोडून देतें.

तिसरी गोष्ट भाषेची व चालीरीतींची. पंचगंगेच्या कांठीं, मृगाच्या पावसांत आणि चैत्राच्या उन्हांत, हीं मुलें आपल्या भाषेंत शिकत, आपलीं गाणीं म्हणत, आपले सण पाळीत. बर्फाचा कण जेथें पडत नाहीं तेथें त्यांनीं नाताळ केला. यजमानांनीं त्यांत आडकाठी केली नाहीं. आश्रय देणाऱ्यानें पाहुण्याला आपल्यासारखें करून टाकण्याची घाई करूं नये, हा यांतील बोध आहे. ज्याचें सर्व गेलें त्याच्याजवळ भाषा तेवढी उरलेली असते; तीही काढून घेतली तर तो खराच निराधार होईल.

हें सर्व केवळ आमचें अनुमान नव्हे. याच युद्धकाळांत लंडन शहरीं ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषी हॅम्पस्टेड भागांत लहान मुलांसाठीं संगोपनगृहें चालवीत होत्या. बाँबहल्ल्यांच्या भीतीनें हजारों मुलें आईबापांपासून दूर, खेड्यांत पाठविलीं जात होतीं. या दोघींनीं मुलांचें रोजचें वागणें लिहून ठेवलें, आणि त्यांना असें आढळलें कीं, आईच्या कुशींत असलेलें मूल बाँबचा आवाज बऱ्याच अंशीं सोसतें. आईपासून तुटलेलें मूल सुरक्षित जागींही खचतें. बोलूं लागलेलीं मुलें बोबडीं होत, अंथरूण ओलें करूं लागत, किंवा अगदीं गप्प होत. मग त्यांनीं मुलांचे चारचार-पांचपांचांचे लहान गट केले आणि प्रत्येक गटास एकच सांभाळणारी नेमून दिली. आरंभीं मुलें तिच्यासाठीं भांडलीं, रडलीं. पण त्यानंतर त्यांची वाढ पुन्हां सुरू झाली. मुलाला गर्दीचा आधार पुरत नाहीं. त्याला आपलें म्हणतां येईल असें एक माणूस लागतें.

तथापि हरवलेलें सर्वच परत मिळतें असें समजणें खोटें होईल. १९४५ सालीं युद्ध संपलें, परंतु याल्टा येथील परिषदेंत पोलंडची पूर्वेकडील सरहद्द बदलण्याचें ठरलें आणि या मुलांचीं गांवें रशियाच्या हद्दींत गेलीं. घर जागेवर उभें असेल, पण तें आतां त्यांच्या देशांत नव्हतें. १९४८ च्या आरंभीं वळिवड्याची छावणी उठली तेव्हां थोडे पोलंडास गेले. बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कानडा, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांत पांगले. पुष्कळांना तर आप्तांच्या थडग्यांचा निरोपही घ्यावा लागला. कारण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमींत या पाहुण्यांपैकीं कित्येक जण चिरनिद्रा घेत आहेत.

आणि इतिहासाचा योग पाहा. छावणी रिकामी होते न होते तोंच त्या जागेला दुसरे निर्वासित मिळाले. १९४७ च्या फाळणीनें सिंध प्रांतांतून हिंदु कुटुंबें घरदार टाकून आलीं होतीं. त्यांतील कांहींना वळिवड्याच्या याच चाळींत आसरा मिळाला, आणि त्या वस्तीचें नांव गांधीनगर झालें. कल्याणजवळच्या लष्करी छावणींतही अशाच बराकींतून सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत झाली. तिला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें. एका खंडांतील युद्धानें बांधविलेलीं घरें दुसऱ्या खंडांतील दुःखाच्या उपयोगीं पडलीं. आज त्या बाजारांत कापडाचे ठाण उलगडणाऱ्या व्यापाऱ्यांपैकीं कित्येकांच्या आज्या गाठोडें घेऊन तेथें उतरल्या होत्या.

वळिवड्यांत वाढलेलीं मुलें कोल्हापूर विसरलीं नाहींत. १९९८ सालीं कोल्हापुरांतील महावीर उद्यानांत त्यांच्या कृतज्ञतेचें स्मारक उभें राहिलें, आणि २०१९ सालीं त्यांच्यापैकीं कांहीं जण वार्धक्यांतही वळिवड्यास येऊन गेले. पोलंडची राजधानी वॉर्सा येथें जामसाहेबांच्या नांवाचा चौक आहे व कोल्हापूरचेंही स्मारक आहे. मुलाला दिलेला आश्रय तें मूल म्हातारें झालें तरी लक्षांत ठेवतें, यास याहून निराळा पुरावा नको.

हा विषय जुना झाला असता तर किती बरें झालें असतें! परंतु संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कचेरीच्या गणनेप्रमाणें २०२४ सालाच्या अखेरीस जगांत बारा कोटींहून अधिक माणसें युद्ध, छळ वा हिंसा यांमुळें घराबाहेर पडलेलीं होतीं. आणि त्यांत सुमारें शेंकडा चाळीस मुलें होतीं. १९८९ सालच्या बालहक्कांच्या जागतिक करारांत निर्वासित मुलांच्या संरक्षणाचें स्वतंत्र कलम आहे, व आपल्या देशानेंही १९९२ सालीं तो करार मान्य केला. कायदा झाला हें चांगलें झालें. पण वळिवड्याची छावणी या कराराच्या कितीतरी आधींची आहे. ज्यांनीं तेव्हां दार उघडलें त्यांना कलम दाखवावें लागलें नव्हतें.

ज्या शाळांत आपण शिकतों त्यांत दरवर्षीं नाताळची गोष्ट सांगितली जाते. त्या गोष्टीचा शेवट गोठ्यापाशीं होत नाहीं. हेरोद राजाच्या भयानें योसेफ व मरिया रातोरात बाळ घेऊन मिसर देशांत पळाले, हा भाग आपण पुष्कळदां गाळतों. त्या बाळालाही परक्या मुलखांत कोणी तरी पाणी दिलें असेल, कोणी तरी जागा दिली असेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गांत युद्धांतून आलेलें मूल कदाचित् येणार नाहीं. पण धरणांत गांव गेलेलें, पुरांत घर वाहून गेलेलें, ऊसतोडीसाठीं आईबापांबरोबर हिंडणारें मूल तुमच्या बांकावर येऊन बसेल. तें गप्प राहील, डबा लपवून खाईल, किंवा विनाकारण भांडेल. त्याला प्रथमच 'तुझें काय झालें' असें विचारूं नका. त्याच्यासाठीं बांकावर जागा करा, त्याला खेळांत घ्या, आणि दुसऱ्या दिवशींही घ्या. त्याच्या बोलीला हंसूं नका. आईबापांनींही अशा मुलास जुने कपडे देऊन मोकळें होऊं नये. आपल्या मुलांबरोबर त्याला जेवावयास बोलवावें, आणि तें ताटांत कांहीं टाकूं लागलें तर रागावूं नये. बालाचडीच्या मुलांनीं पालकाची भाजी नाकारली तो दिवस आठवावा, आणि आपल्या घरीं त्याला निर्धास्त वाटूं लागलें याचा आनंद मानावा.